वहिनीचे सात ड्रेस

आई,

मी अजून चिडलेली आहे तुझ्यावर. तुला जाऊन पंधरा वर्षं झाली, आता मलाच पाच महिन्यांची मुलगी आहे, तरी राग जात नाही. उलट गेल्या आठवड्यापासून वाढलाय. सोमवारी बाळंतपणाची रजा संपवून मी अंधेरीच्या ऑफिसात परत गेले. इमारतीतच खाली पाळणाघर आहे, लेक तिथे असते, दिवसातून दोनदा उतरून मी तिला पाजते. सकाळी कपाट उघडलं तर घालण्यासारखं काहीच नाही. जे जे चांगलं ते सगळं बंद गळ्याचं नाहीतर पाठीला चेन असलेलं. पाजायचं म्हणजे अख्खा ड्रेस कमरेपासून वर घ्यायचा. शेवटी नवऱ्याचा जुना शर्ट चढवला, आरशात पाहिलं आणि माझ्याच तोंडून निघालं, “कोणाक दाखवूचा हा?” मी घरात मालवणी बोलतसुद्धा नाही, आई. ते वाक्य तुझं होतं, आवाजही तुझा. आणि त्या शर्टात मी मीटिंगला जाऊन बसले. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, “दमलेली दिसतेस गं. प्रेझेंटेशन दुसरं कुणीतरी करेल, तू आराम कर.” काम माझं होतं. लेकीला मांडीवर घेऊन, घरी बसून मीच ते तयार केलं होतं. पण मी ‘नाही, मीच करते’ म्हटलं नाही. शर्टाची बटणं चाचपत बसले.

तेव्हापासून मला वहिनी आठवतेय. आपलं दिंडोशीचं घर, खिडकीपाशी तुझं शिलाई मशीन, आणि तेवीस वर्षांची वहिनी. साध्या सुती ड्रेसवर अशी काही ओढणी घ्यायची की कॉलनीतल्या बायका तिला थांबवून विचारायच्या, कुठून घेतलीस? तू शिवणारी बाई, तुला तर आवडायला हवं होतं. पण बाळ झाल्यावर तू तिच्यासाठी तीन गाऊन शिवलेस, गळ्यापासून पायापर्यंत सरळ, मातकट रंगाचे, आणि म्हणालीस, आता हेच. तिने चार महिने तेच घातले. मग तिच्या मावसबहिणीचं लग्न आलं. तू बाजारात गेलेली असताना ती तुझ्या मशीनवर बसली, तिच्या वाइन रंगाच्या ड्रेसची दोन्ही बाजूंची शिवण उसवली आणि आत चेनी लावल्या. वरून झालर अशी बसवली की चेन दिसेचना. लग्नात ती हॉलमध्ये, सगळ्यांच्यात बसून बाळाला पाजत होती आणि शेजारच्या बाईला कळलं नाही. तुझीच चुलतबहीण तुला म्हणाली, “तुझी सून काय दिसता गो! बाळंतीण वाटणाच नाय.” तिने कौतुक केलं होतं. तू ते टोमणा म्हणून घरी आणलंस. चपला काढायच्या आधी दारातच सुरू झालीस, “तू बाळंतीण असस की नटी? पोराक दिष्ट लागात, दूध आटात, तुका काय त्याचा?” दादा पंखा लावून बसला. नेहमीसारखा.

मला तेव्हाही एक गोष्ट माहीत होती, आणि आज ती आठवली की माझं डोकं फिरतं. त्याच वर्षी समोरच्या बिल्डिंगमधल्या बाईला तू अगदी तसाच ब्लाऊज शिवून दिला होतास. तिचं बाळ तीन महिन्यांचं, भावाचं लग्न, पैठणी नेसायची होती. तू कटोरीच्या शिवणीत हुक लपवलेस आणि तिला आरशासमोर उभं करून म्हणालीस, “बघा, कुणाला कळणारसुद्धा नाही.” किती खूश होतीस तू! म्हणजे तुला येत होतं, आई. बाळंतिणीने नीट दिसावं, पाजताही यावं, यात पाप नाही हे तुला पक्कं ठाऊक होतं. गिऱ्हाइकाला चालतं, सुनेला नाही. दृष्ट काय फक्त आपल्याच घरात लागते?

आणि तो बुधवार. वहिनी बाळाला डोस द्यायला दवाखान्यात गेलीय. मी बारावीचं पुस्तक घेऊन पलंगावर बसलेय. तू तिचं कपाट उघडतेस, एकेक ड्रेस काढून जमिनीवर टाकतेस. सात. वाइन रंगाचा सगळ्यात वर. कपडे घेऊन भांडी देणारी बाई दारात बसलीय, शिवणी ओढून बघतेय, चेन पाहून म्हणते, “ये तो नया है, अम्मा.” तू म्हणतेस, “लेके जाव.” सात ड्रेसच्या बदल्यात एक स्टीलचा टोप येतो. तासाभराने वहिनी येते, बाळ रडतंय, ती कपाट उघडते आणि उभीच राहते.

“आई, माझे कपडे?”

“कित्याक व्हये ते आता? पोर मोठा होईसर गाऊन घाल.”

ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिने गाऊनची बटणं काढली आणि भिंतीकडे तोंड करून बाळाला पाजायला बसली. वर्षभर ती कुणाच्या लग्नाला, बारशाला गेली नाही. ज्या दुकानात कामाला होती तिथून बोलावणं आलं, तिथेही गेली नाही. आणि दोन वर्षांनी तू आजारी पडलीस, तेव्हा हॉस्पिटलचा झगा घालायला तू साफ नकार दिलास. “माका असा कोणी बघूचा नाय,” म्हणालीस. रोज सकाळी वहिनीने तुला अंथरुणातच इस्त्रीचं पातळ गुंडाळलं, निऱ्या नीट केल्या, केस विंचरले. तुला एकदाही तिला सॉरी म्हणावंसं वाटलं नाही?

मंगळवारी मी वहिनीला फोन केला. ती आता मुलुंडला असते. म्हणाली, “रडतेयस काय गं?”

“रडत नाहीये. डोकं फिरलंय.”

“मग ठीक. रविवारी येते. चेनी आणते.”

आली. माझे चार कुर्ते उसवून पलंगभर पसरले. मी विचारलं, तुला आईचा राग येत नाही का? तोंडातली टाचणी काढून म्हणाली, “येतो ना. का नाही येणार? मेलेल्या माणसाला माफ करायची सक्ती आहे का काय?” आणि हसली. काल मी त्यातला मोहरीच्या रंगाचा कुर्ता घालून गेले. पाळणाघरात लेकीला पाजलं, चेन ओढली, वर गेले आणि साहेबांना म्हटलं, प्रेझेंटेशन मीच करणार. त्यांनी ‘बरं’ म्हटलं. इतकंच होतं ते, आई. मला वाटलं होतं भांडावं लागेल.

लेक मांडीवर झोपलीय, मी एका हाताने फोनवर हे लिहितेय. कुणाला पाठवायचं नाहीये. वहिनीला तर नाहीच, कारण एक गोष्ट तिला अजून माहीत नाही. त्या बुधवारी भांडीवाली आपली बिल्डिंग ओलांडून पुढे गेली होती. तू मला म्हणालीस, हाक मार तिला. मी गॅलरीत जाऊन हाक मारली. तिला ऐकू गेली नाही. ‘ती लांब गेली’ असं आत येऊन तुला सांगता आलं असतं. मी पुन्हा हाक मारली, मोठ्याने.