दुसऱ्या ब्रेकवरचा पाय

प्रिय चिंगे,

कंपनीची प्रमुख झालीस तरी माझ्यासाठी तू चिंगीच. आवडत नसेल तर कळव. बदल होणार नाही.

इकडे ड्रायव्हिंग स्कूल जोरात आहे, गुडघे तेवढे नाहीत. तुझी आई रोज फोन करते. आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी, मग तुझी काळजी.

दोन वर्षांपूर्वी मी तुमच्या कंपनीच्या गाडीचं बुकिंग रद्द केलं, तेव्हापासून तू माझ्याशी मोजूनमापून बोलतेस. रद्द का केलं ते तू विचारलं नाहीस, मीही सांगितलं नाही. आज सांगते. तुमच्या गाड्या चढावर अचानक मंदावत होत्या, तेही मागून ट्रक येत असताना. आणि तुमचे तेव्हाचे थोरले साहेब मंचावर हसत म्हणाले, गाडीत काही खोट नाही, लोकांनी नीट चालवायला शिकावं. लोकांना शिकवणं हा माझाच धंदा, त्यामुळे ते मला चांगलंच झोंबलं. तू तिथे नोकरीला आहेस, तर गाडी डोळे झाकून घ्यावी, असं घरात सगळ्यांचं म्हणणं. डोळे झाकून मी रस्ताही ओलांडत नाही.

कॉलेजच्या सुट्टीत तू माझ्याकडे शिकवायला यायचीस, आठवतंय ना? शिकवणाऱ्याच्या पायाशी दुसरा ब्रेक असतो आणि आपला नियम एकच: तो दाबला की तोंडाने सांगायचं, 'ब्रेक मी दाबला.' त्या निवृत्त हेडमास्तरांना वाईट वाटेल म्हणून तू तो गुपचूप दाबलास आणि वर म्हणालीस, 'वा सर, काय झकास थांबवलीत!' सर खूश. दुसऱ्या दिवशी स्वतःची गाडी काढली ती थेट शेजाऱ्याच्या फाटकात. मी तुला माफी मागायला नेलं. सर म्हणाले, 'जाऊ द्या हो, पोरीची काय चूक!' तू मान वर करून म्हणालीस, 'चूक माझीच, सर. ब्रेक मी दाबला होता.' त्या दिवशी तू मला पहिल्यांदा आवडलीस. तोवर भाची म्हणून चालवून घेत होते.

माझ्या जुन्या गाड्यांचं बॉनेट उघडलं की मेकॅनिकला रोग दिसायचा. तुमची गाडी म्हणजे बंद पेटी. तुम्ही दुरूनच तिचं सॉफ्टवेअर बदलता, आम्हाला फक्त पडद्यावर निरोप. म्हणजे दुसऱ्या ब्रेकवर कायम कंपनीचा पाय. तो पाय कुणाचा आहे हे बघितल्याशिवाय मी बसायची नाही, आणि शिकाऊ माणसाला तर मुळीच बसवायची नाही. बुकिंग रद्द करायला गेले तेव्हा शोरूममधला विक्रेता मला सांगत होता, 'आजी, सीटमधून गार हवा येते.' मी म्हटलं, 'आजी तुझ्या घरी. बिघाड झाला तर तुझे साहेब काय म्हणतील, ते सांग.' तो परत सीटवरच आला.

मग साहेब गेले, तू आलीस, आणि पहिल्याच आठवड्यात जाहीर केलंस: दोष आमच्या सॉफ्टवेअरचा आहे, चालकांचा नाही, तो आम्हीच दुरुस्त करून देतो. विक्री बसली. संचालक चिडले. ताईकडून, म्हणजे तुझ्या आईकडून, कळलं की उद्याच्या बैठकीत ते तुझ्यापुढे नवं निवेदन ठेवणार आहेत: काही चालकांच्या सवयीही कारणीभूत होत्या. सही केलीस तर खुर्ची राहील. तू धड जेवत नाहीस म्हणे, आणि सही करून मोकळं व्हावं म्हणतेस.

म्हणून हे पत्र. ताई आजच तुझ्याकडे निघते आहे, वाटेत माझ्याकडे येईल, तिच्याच हाती देते. तुमच्या दोन गाड्या मी आज घेतल्या. चढावर स्वतः चालवून बघितल्या, मगच. भाचीची कंपनी म्हणून नाही. त्या पहिल्या निवेदनाखाली तुझं नाव होतं म्हणून. माझ्या जुन्या दोन्ही गाड्या विकून टाकल्या. सोमवारी एक नर्स शिकायला येते आहे, स्टीअरिंगला कधी हातही न लावलेली. तिला तुझ्या गाडीतून चढावर नेणार आहे. उद्या काय करायचं हे मी तुला सांगत नाहीये. गाड्या घेतल्या, एवढंच कळवायचं होतं. आता जेवून घे.

तुझीच, आणि अजूनही तुझ्यापेक्षा बरी गाडी चालवणारी,
मावशी