हिच्या मैफलीसाठी कॅमेरा

४ ऑगस्ट

डॉक्टरांनी हिच्या घशात नळी घालून बघितलं. स्वरयंत्रावर गाठ आहे. साधीच आहे म्हणाले, पण काढावी लागेल. आवाज पूर्वीसारखा राहील का, असं मी विचारलं तर म्हणे गॅरंटी देता येत नाही. कमाल आहे. मी लिफ्ट तपासतो. माणसांचे जीव तारेला लटकलेले असतात, तरी आम्ही सही करून वर्षभराची देतो. ह्यांना एक घसा जमत नाही.

ऑपरेशन सप्टेंबरात. त्याआधी हिला एकदा मनसोक्त गायचंय. ती शिकवते त्या शाळेचा हॉल मिळालाय. मला म्हणाली, तुम्ही पहिल्या रांगेत बसा आणि नुसतं ऐका, मग कसं झालं ते खरं खरं मला सांगा.

नुसतं ऐका. एवढ्या मोठ्या प्रसंगी नवऱ्याने खुर्ची उबवायची फक्त? ते काही नाही. मी फोटो काढणार. तेही फिल्मवर.

५ ऑगस्ट

फिल्मच का, ते लिहून ठेवतो. फोनमधले फोटो आले तसे जातात. फिल्म हातात धरता येते. शिवाय माझा हात बसलेला आहे. ऑफिसच्या सहलीत मी काढलेला फोटो साहेबांनी फ्रेम करून लावला होता. जिन्याखाली का होईना, लावला होता.

हॉलमध्ये उजेड म्हणजे स्टेजवर दोन पिवळे दिवे, बाकी अंधार. फ्लॅश मारायचा नाही, गाणारा दचकतो. आव्हान आहे. माझ्यासारख्या पद्धतशीर माणसाला नाही म्हणा.

९ ऑगस्ट

अभ्यास जोरात. एका फिल्मवाल्यांच्या ग्रुपमध्ये शिरलो आहे. तिथे दोन तट आहेत. एक म्हणतो, ८०० ची फिल्म घ्या, आकडा जितका मोठा तितका तिला उजेड कमी लागतो. दुसरा म्हणतो, ४०० ची घ्या, ती १६०० समजून वापरा आणि लॅबला धुताना जास्त वेळ ठेवायला सांगा. याला ‘पुश’ म्हणतात. मी पुशवाल्यांच्या बाजूने दोन शब्द लिहिले. एकाने मला ‘काका, आधी एक रोल संपवा’ असं लिहिलं. नवशिका असणार.

१२ ऑगस्ट

आज हिला दुसऱ्या डॉक्टरांकडे जायचं होतं. नेमकी माझी कॅमेऱ्याच्या दुकानात वेळ ठरलेली. मेव्हणी गेली सोबत. बहिणी-बहिणींना तेवढंच निवांत बोलायला मिळतं, त्यामुळे बरंच झालं.

दुकानात ५० ची लेन्स पाहिली. एफ १.४. हा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त आत येतो. १.८ चीही होती, पण एकदाच होणाऱ्या गोष्टीसाठी तडजोड करायची नाही. कॅमेऱ्याची जुनी बॉडी आणि लेन्स दोन्ही घेतली. किंमत इथेही लिहीत नाही.

घरी आलो तर दोघी दिवा न लावता बसलेल्या. दुसरे डॉक्टरही पहिल्यासारखंच म्हणाले. मी लेन्स दाखवली. ही म्हणाली, छान आहे.

१९ ऑगस्ट

चाचणी. पडदे लावून टेबल लॅम्प पेटवला, हिला समोर उभं केलं. डॉक्टरांनी आवाज जपायला सांगितलाय, म्हणून मीच म्हटलं, गाऊ नकोस, नुसतं तोंड उघडून उभी राहा. किती काळजी घेतो मी. पाचेक मिनिटं तशी उभी राहिली आणि मग म्हणाली, जबडा दुखतो हो. मॉडेल म्हणून चिकाटी कमी आहे.

२५ ऑगस्ट

नवी पीडा. कॅमेऱ्याचा आवाज. बटण दाबलं की आतला आरसा खाटकन उडतो. हळुवार गाण्यात हे चालणार नाही. आरसा नसलेला मूक कॅमेरा मिळतो, पण आता घोडं घेतल्यावर लगाम शोधणं आलं. कॅमेरा टॉवेलात गुंडाळून पाहिला. आवाज निम्मा झाला. मेव्हणी आली होती. तिने विचारलं, भावोजी, मुलगा की मुलगी?

तिला काय कळतंय. म्हणे फोनवर गाणं रेकॉर्ड तरी करा. टॉवेल सांभाळू की फोन?

२ सप्टेंबर

संध्याकाळी पाणी प्यायला उठलो तर ही स्वयंपाकघरात ओट्याला टेकून रडत होती. आवाज न करता.  वाटलं, आत जावं, खांद्यावर हात ठेवावा. पण बोलायचं काय? होईल सगळं ठीक, असं म्हणायचं आणि नाही झालं तर? मी तसाच मागे फिरलो. खोलीत येऊन उजेड मोजायचा लाइट मीटर पुसला. उद्या बोलेन.

३ सप्टेंबर

लिफ्ट अडकली होती एका दवाखान्यात. वेळ नाही मिळाला.

१० सप्टेंबर

हिने गाण्यांचा क्रम सांगितला. सगळ्यात शेवटी, लग्नाआधी गच्चीवर मला म्हणून दाखवलं होतं ते. लोकांपुढे कधीच म्हटलेलं नाही. सांगताना जरा लाजली. मी विचारलं, तेव्हा दिवा डावीकडून असेल की उजवीकडून? ती उठून आत गेली. कलाकार तंद्रीत असतात.

शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटलो. लोकांचे फोन चमकले तर अंधाराचा सगळा हिशोब बिघडतो. म्हणून फोन बंद ठेवण्याची घोषणा करायला लावली. कोणीही रेकॉर्ड करायचं नाही. असा कडक बंदोबस्त मुख्यमंत्र्यांच्या सभेलाही नसेल.

१४ सप्टेंबर

झाला कार्यक्रम.

खुर्चीवरून कोन जमेना, म्हणून पहिल्याच गाण्याला उठलो. मग खांबामागे, मग पायरीवर, मग भिंतीला चिकटून. एकीच्या पायावर पाय पडला. टॉवेल दोनदा सुटला. शटरचा वेग साठावर, मग जास्त उजेड यावा म्हणून तिसावर आणला. श्वास रोखून काम केलं. शेवटच्या गाण्याच्या तोंडावर रोल संपला. उजेडात दुसरा भरावा म्हणून बाहेर पॅसेजमध्ये गेलो. फिल्मचं टोक काही केल्या कॅमेऱ्यातल्या खाचेत अडकेना.

पण तिथेही कळलं. आत एकदम शांत झालं होतं. टाचणी पडली तर ऐकू येईल असं. आणि मग टाळ्या, टाळ्या, थांबेचनात. अंगावर काटा आला माझ्या. एवढी दाद मी आयुष्यात ऐकलेली नाही.

आत गेलो तर लोक उठत होते. मेव्हणीचे डोळे लाल. मला म्हणाली, भावोजी, होतात कुठे तुम्ही? म्हटलं, कामात. घरी येताना ही एक अक्षर बोलली नाही. आवाज जपतेय. शिस्तीची आहे.

१७ सप्टेंबर

ऑपरेशन झालं. ते चालू असताना बाहेरच्या बाकावर बसवेना. म्हणून मेव्हणीला तिथे बसवून लॅबमध्ये रोल टाकून आलो. परत आलो तोवर हिला बाहेर आणलं होतं. बोलायला पूर्ण बंदी. लिहायला एक पांढरी पाटी दिली आहे.

२१ सप्टेंबर

फोटो आले. जवळजवळ सगळे काळे. लॅबला पुश करायचं सांगायचं राहिलं, असा त्यांचा दावा आहे. अरे, पण विचारायला काय झालं होतं?

एक मात्र आलाय. माइक अप्रतिम आला आहे. जाळीचं एकेक भोक दिसतं. मागे पुसट पुसट ही.

मेव्हणी सगळ्यांना फोन करून विचारतेय, कोणी रेकॉर्ड केलंय का. कोणीच नाही. बंदोबस्त कडक होता. 

२३ सप्टेंबर

डॉक्टर म्हणतात, आवाज येईल, पण गाण्याचं सांगता येत नाही. आज ते ऐकून मला त्यांचा राग आला नाही. भीतीच वाटली.

दुपारी तिने पाटीवर लिहिलं, तुम्ही सांगितलंच नाहीत, कसं झालं होतं गाणं?

माइकचा फोटो उशीखाली सारला. म्हटलं, सगळंच उत्तम. पण शेवटचं, आपलं गच्चीवरचं, त्याला तोड नाही. अख्खा हॉल श्वास रोखून बसला होता. मी तर हरवूनच गेलो.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग लिहायला लागली. अक्षर बारीक होतं, मला चष्मा शोधावा लागला.

‘ते मी म्हटलंच नाही. दुसऱ्या ओळीला आवाज गेला. नुसती उभी होते. लोकांनी टाळ्या वाजवून सांभाळून घेतलं. मी तुमची खुर्ची बघत होते.’

 मेल्याहून मेल्यासारखं झालं. पॅसेज, रोल, टोक, सगळं सांगायला तोंड उघडलं आणि निघालं भलतंच. म्हणालो, उजेड फार कमी होता गं.

तिने पाटी पुसली आणि कूस बदलली.