न शिकवलेला डाव

३ मार्च

आज माझ्या ज्युदोच्या क्लासला नवीन माणूस आला. पन्नाशी ओलांडलेला, खांद्याला कापडी पिशवी. म्हणाला, कुलपं दुरुस्त करतो, आयुष्यात कधी काही खेळलो नाही, आता जरा अंग हलवावं म्हणतो. बरं. या वयाचे लोक गुडघे वाचवायला येतात आणि तिसऱ्या आठवड्यात गुडघ्यांचंच कारण सांगून जातात.

सगळ्यांना सांगते तसं त्यालाही सांगितलं — उकिडवे बसा आणि मागे पडा. पडला. हनुवटी छातीला टेकलेली, हाताचा फटका मॅटवर आधी आणि पाठ नंतर. नव्या माणसाचं डोकं आधी आपटतं. माझंही आपटलं होतं. हनुवटी आत घ्यायला लोकांना महिना लागतो.

"आधी कुठे शिकलात?"

"नाही हो बाई. कुठेच नाही." माझ्याकडे न बघता म्हणाला.

खोटं बोलतोय.

४ मार्च

आजही पडला. आजही तसाच. कपाळाला घामसुद्धा नाही.

७ मार्च

दातवालीला विचारलं. ही माझी सगळ्यात जुनी विद्यार्थिनी. दिवसभर दवाखान्यात लोकांचे दात काढते, पहाटे माझी बॅच घेते. म्हणाली, "बाई, एखाद्याचं अंग असतं उपजत. तुम्ही उगाच दोरीचा साप करता."

उपजत वगैरे काही नसतं. मी वडिलांकडे कुस्तीच्या मातीत लोळले, मग मास्तरांकडे सात वर्षं काढली, मग ज्युदो, कराटे, बॉक्सिंग, चाळिशीनंतर लाठी. राष्ट्रीय स्पर्धेत चार पदकं. आज साठीची आहे. पंचेचाळीस वर्षांत उपजत पडणारा एकही पाहिला नाही. मांजरं सोडून.

मला वाटतं हा पोपटाचा माणूस. पोपट म्हणजे माझा जुना विद्यार्थी. अकरा वर्षांपूर्वी माझा सगळा अभ्यासक्रम पाठ करून गेला आणि नदीपलीकडे आरसेबिरसे लावून स्वतःचा क्लास काढला. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन जूनमध्ये आहे, हे त्याला कळलं असणार. नंतर क्लास कुणाच्या हातात जातो, ते बघायला हेर पाठवलाय.

१० मार्च

गंमत बघा. हा पडतो उत्तम, पावलंही बरोबर टाकतो — पण आज जोड्या लावल्या आणि समोरच्याने कॉलर धरली तर हा लाकूड झाला! हात कुठे ठेवावा कळेना. समोरच्याचं वजन अंगावर आलं की डोळे मिटतो. पहिल्या दिवशीच्या पोरीसारखा.

म्हणजे नाटक. माझ्या संशयाचा वास लागला आणि मुद्दाम नवखेपणा दाखवतोय. पण मग पडतानाही दाखवायचा ना.

११ मार्च

क्लास सुटल्यावर तो आणि दातवाली जिन्यात बोलत होते. मी आले तशी दोघं गप्प. खाली छापखान्याची यंत्रं चालू असतात, त्यामुळे एक अक्षर ऐकू आलं नाही.

"काय चाललंय?"

"काही नाही बाई, त्यांची दाढ दुखतेय."

दाढ!

१४ मार्च

दातवालीबद्दल लिहूनच टाकते, मनात ठेवून कुजतं.

मास्तरांनी मला एक डाव दिला होता, उलटी पाठ. समोरचा अंगावर आला की त्याच्याकडे पाठ करायची आणि त्याच्याच जोराने त्याला डोक्यावरून न्यायचा. लिहायला एक ओळ, शिकायला चार वर्षं. मास्तर म्हणाले होते, "हा तुझ्याशिवाय कुणाला दिला नाही. तूही एकालाच दे, आणि स्पर्धेत काढू नकोस." नाही काढला. त्यांच्या मागच्या खोलीत दार लावून शिकले आणि तिथेच ठेवला. अजून कुणालाही दिलेला नाही.

दातवालीला हे माहीत आहे. दोनदा विचारून झालं तिचं, "बाई, ऑपरेशनच्या आधी दाखवाल ना?" पंचवीस वर्षं आहे माझ्याकडे. हक्क तिचाच. तरी तिने विचारलं की माझी मूठ आपोआप घट्ट होते.

नवरा म्हणतो, "तू माझ्यावर तरी विश्वास ठेवतेस ना?" म्हटलं, चहात साखर किती घातलीस ते सांग आधी.

१७ मार्च

हॉलचं कुलूप अडकतं म्हणून निमित्त काढून त्याच्या दुकानात गेले. टपरीएवढी जागा. भिंतभर किल्ल्या, बाकी सगळं जागच्या जागी. कुलूप हातात घेतलं, माझ्याशी बोलत बोलत, न बघता उघडलं. म्हणाला, "कुलूप बिघडलेलं नाही बाई. किल्ली झिजलीय."

पाणी आणायला आत गेला तेव्हा पडद्यामागे डोकावले. हो, डोकावले. मागे जेमतेम माणूस उभा राहील एवढी जागा आणि मधोमध लाकडी खांब. खांबाला छातीच्या उंचीवर सायकलच्या ट्यूब बांधलेल्या. ताणून ताणून पांढऱ्या पडलेल्या. खांबापुढची फरशी पावलांनी गुळगुळीत झालेली.

"हे काय?"

"माल बांधायला लागतं."

आम्ही सगळे असेच खांबाला ट्यूब बांधून फेकीचा सराव करायचो. मला शिकवतोय!

घरी येईपर्यंत एकच विचार. ती फरशी वर्षा-दोन वर्षांत झिजलेली नाही.

१८ मार्च

पोपटाला फोन केला. अकरा वर्षांनी. आवाज ओळखला त्याने.

म्हटलं, "हेर पाठवायचा तर जरा तरुण तरी पाठवायचास."

त्याला खरंच कळलं नाही. तीनदा समजावून सांगितलं. मग म्हणाला, "बाई, मी कुणालाही पाठवलेलं नाही. आणि मी गेलो तेव्हा तुम्हाला सांगून गेलो होतो. तुम्ही पाठ फिरवून चपला घातल्यात."

त्याच्यावर विश्वास नाही. पण चपलांचं आठवलं. खरं आहे ते.

२१ मार्च

आज सोक्षमोक्ष लावायचा ठरवून गेले.

जोड्या लावताना त्याला म्हटलं, "तुम्ही माझ्याबरोबर." तो उभा राहिला. डाव सांगितला नाही, इशारा दिला नाही. सरळ कॉलर धरली आणि सगळं वजन टाकून अंगावर गेले. माणूस विचार करून खोटं बोलू शकतो. अंगाला तेवढा वेळ मिळत नाही.

त्याने डोळे मिटले. आणि वळला.

मग मला छताचा पंखा दिसला. मग मॅट.

उलटी पाठ. वीस वर्षांत मला कुणी पाडलं नव्हतं, आणि पाडलं ते माझ्याच डावाने. सगळा क्लास थांबला. दातवाली धावत आली. तो माझ्यावर वाकलेला, "लागलं का बाई? लागलं का हो?" त्याला माझ्यापेक्षा जास्त धक्का बसलेला.

मी सुट्टी दिली सगळ्यांना.

संध्याकाळी

आधी मास्तरांचा राग आला. म्हणजे मला फसवलं. दुसऱ्या कुणाला तरी दिला होता डाव. मेल्या माणसाशी भांडता येत नाही, नाहीतर गेले असते.

पण गुडघा शेकताना तोच क्षण पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे आला. वळायच्या आधी त्याचा उजवा पाय अर्धं पाऊल घासत पुढे आला.

मास्तरांच्या डावात ते पाऊल नाही. ते माझं आहे. सतराव्या वर्षी माझा घोटा मोडला. बरा झाला, पण तेव्हापासून वळताना पाय घासतो. मास्तर त्यावरून शेवटपर्यंत चिडायचे, पण सराव संपवून अंगणात आल्यावर. "पाय उचल, घासू नकोस!"

माझी खोड दुसऱ्या माणसाच्या पायात कशी गेली? मास्तरांकडून गेलेली नाही. मी कुणाला शिकवलेलं नाही. म्हणजे कुणीतरी मला पाहिलंय. बंद दाराआड. आणि एकदा-दोनदा नव्हे.

२२ मार्च

हॉल उघडायला गेले तर तो जिन्यात बसलेला.

"मी मास्तरांचा धाकटा," म्हणाला.

मास्तरांना एक लहान मुलगा होता, हे माहीत होतं. आत-बाहेर करताना दिसायचा. चेहरा म्हणून आठवत नाही.

आत जाऊन बसलो. त्याने सगळं सांगितलं, सलग, खाली बघत. मागच्या खोलीला लागून कोठार होतं. कोठाराच्या दाराची एक फळी तडकलेली. आठ वर्षांचा असल्यापासून पंधरा वर्षांचा होईपर्यंत रोज त्या फटीला डोळा लावून उभा. मास्तर डाव एकदा दाखवायचे आणि मी तो शंभरदा करायचे. म्हणून त्याने बघितलं ते मलाच. पाय घासतो ही चूक आहे, हे त्याला आज माझ्याकडून कळलं. डावच तसा आहे असं समजून चाळीस वर्षं खांबाला ट्यूब बांधून घासत राहिला.

"बाबांना विचारलं नाहीत?"

"विचारलं ना. किती वेळा. म्हणाले, तुझ्या अंगात नाही ते. मग कुलपांच्या कामाला लावलं."

मास्तरांना जाऊन एकोणीस वर्षं झाली. आई या जानेवारीत गेली. घरात आता दुखावण्यासारखं कुणी उरलं नाही, तेव्हा आला.

"कशासाठी?"

पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला. मग म्हणाला, "माझी कॉलर कधी कुणी धरली नव्हती बाई. खांब कॉलर धरत नाही."

"पहिल्याच दिवशी सांगायचं होतंत."

"घेतलं असतंत तुम्ही?"

मी उठून हॉलच्या खिडक्या उघडल्या. दातवालीला त्याने जिन्यात विचारलं होतं, "बाई चिडल्या तर काढून टाकतात का?" आणि ती म्हणाली होती, "काढत नाहीत, बघत राहतात." दाढ तिने तिथल्या तिथे रचली. खोटं बोलायलाही येत नाही बिचारीला. तिला म्हटलं, सोमवारपासून अर्धा तास लवकर ये, उलटी पाठ घेऊ. तिचा विश्वास बसेना.

२४ मार्च

परवा सगळं लिहिलं, एक गोष्ट सोडून. त्यालाही सांगितली नव्हती. आज क्लासनंतर थांबवून सांगितली.

मी एकोणीस वर्षांची होते. मास्तर एकदा म्हणाले, "धाकटा फार मागे लागलाय. पोराचे पाय चांगले आहेत. तुझ्याबरोबर उभा करू का?" मी म्हणाले, "तो आला तर मी येणार नाही." त्यांनी मान हलवली. पुन्हा विषय काढला नाही.

तो पिशवी खांद्याला लावून दारात उभा होता. ऐकून घेतलं. मला वाटलं, आता हा जाईल आणि परत यायचा नाही.

"पाय चांगले आहेत म्हणाले?"

"हो."

"बाबा?"

"हो."

त्याने पिशवी खाली ठेवली.

"त्यांचे शब्द," म्हणाला, "पुन्हा एकदा सांगा बाई. जसेच्या तसे."