पणजोबांची छाप

३ एप्रिल
माझ्या हातांनी केलेलं : कापुराच्या लाकडाचे नऊ ट्रे. पितळी तराजू, केस ठेवला तरी झुकणारा. चांदीच्या जुन्या डॉलरांवर चिनी सराफांनी चांदी अस्सल असल्याची खूण म्हणून ठोकलेल्या २,१०४ छापांचे ठसे, कागदावर शिसपेन्सिल घासून. आणि पणजोबांच्या कँटनच्या पेढीच्या छापेचा पंच, म्हणजे ठोकायचा साचा — जुन्या पत्रावरच्या शिक्क्यावरून, लिफ्टच्या भंगार पोलादाचा, माझ्या यादीच्या मुखपृष्ठावर उठवायला. सातवी शिकलेल्या लिफ्ट मेकॅनिकनं!

नवव्या ट्रेतला मधला खण तेवढा रिकामा. पणजोबांची छाप असलेलं नाणं बावीस वर्षं शोधतोय. बायको, स्यू-लान, म्हणायची, "त्यात मी लसूण ठेवते."

५ एप्रिल
थडगी झाडायचा दिवस. डोंगर एकटाच चढलो. स्यू-लान गेल्यानंतरचं पहिलंच वर्ष. संत्री ठेवली.

११ एप्रिल
मिळालं! आज, माझ्या वाढदिवसाला, चोयच्या जुन्या नाण्यांच्या दुकानात. १८८६चा मेक्सिकन डॉलर, गरुडाच्या पंखाखाली पणजोबांच्या क्वान पेढीची छाप. चोय म्हणाला, "घ्या पंडित, तुमचीच वाट बघत होतं." किंमत किरकोळ. धावत घरी. सांगायला थेट स्वयंपाकघरात गेलो — मग आठवलं.

१२ एप्रिल
भिंगाखाली धरलं. छापेच्या डाव्या कोपऱ्यात केसाएवढी खाच. ती खाच माझी! पंच करताना कानस घसरली होती. डॉलर अस्सल, छाप माझ्या पंचाची. चोय इथे चहाला येतो, पंच कुठे असतो त्याला माहीत. वीस वर्षांचा दोस्त — चोर!

१३ एप्रिल
चार गिऱ्हाइकांसमोर डॉलर त्याच्या पुढ्यात आपटला. "पूर्वी नाणं खोटं निघालं तर छाप मारणारा परत घ्यायचा. घे!"
"मी नाही मारली."
"मग कोणी?"
"मला शपथ आहे. पण रीत तुम्हीच सांगितलीत — छाप ज्या घरची, त्या घरानं परत घ्यायचं." त्यानं डॉलर माझ्याच खिशात घातला. हसला नाही.

१९ एप्रिल
चोय पाच जिने चढून आला. धापा टाकत शपथ मोडली. गेल्या ऑक्टोबरात, इस्पितळात जायच्या आधी, स्यू-लान पंच घेऊन त्याच्याकडे गेली होती. डॉलर तिनंच विकत घेतला, हातोडाही तिनंच मारला; वाढदिवसापर्यंत ठेव, कुणाला सांगू नको म्हणाली. "मी म्हटलं, वहिनी, त्यांना कळणारच. म्हणाल्या, कळू दे. एक रात्र तरी आनंदात जाईल."

गेली होती. अकरा तारखेची.

डॉलर मधल्या खणात ठेवला. त्या दिवशी दुकानात होता त्या मकाऊच्या गिऱ्हाइकानं चोयबरोबर निरोप धाडलाय : पंडितानं नाकारलेलं नाणं मी घेतो, तो किस्साच मोलाचा. ऐंशी हजार.

नाही म्हणालो. ऐंशी हजार हाँगकाँग डॉलर.