वाघेरी लाईनीचा दांडा

मी, सत्यजित माधव निमकर, वय बहात्तर, राहणार इचिकावा, जिल्हा चिबा, जपान, पूर्ण शुद्धीवर असताना, स्वखुशीने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. दडपण आणायला घरात दुसरे कोणी नाही, हेही येथे नमूद करतो. जपानी कायद्यापुरते वेगळे मृत्युपत्र केले आहे. ते वकिलाने लिहिले आणि त्यात माझे म्हणावे असे एक वाक्य नाही. हे माझे.

कलम १. इचिकावाचा राहता फ्लॅट आणि बँकेत जे काही असेल ते माझी एकुलती एक मुलगी जुई हिला मिळावे. ती सेंदाईला विद्यापीठात संशोधन करते. फ्लॅट तिने विकला तरी माझी हरकत नाही. स्वयंपाकघरातला पोळपाट मात्र विकू नये. तिची आई, माझी पत्नी कै. स्नेहलता, हिने तो पहिल्या बदलीच्या वेळी साडीत गुंडाळून आणला होता. स्नेहलता गेल्यापासून मी भातावर आहे, त्यामुळे पोळपाट अगदी चांगल्या स्थितीत आहे.

कलम २. बाल्कनीतली तुळस शेजारच्या ओकादा-सान यांना द्यावी. तिला पाणी तसेही त्याच घालतात. माझे कपडे जाळायच्या कचऱ्यात आणि चष्म्यांची घरे न जाळायच्या कचऱ्यात, ज्या त्या वारी टाकावीत. चुकीच्या दिवशी पिशवी ठेवली तर ओकादा-सान ती परत आणून दारात ठेवतील आणि मेल्यावरही माझी लाज निघेल.

कलम ३. पुण्यातील वडिलोपार्जित जागेतला माझा हिस्सा धाकटा भाऊ सुरेश याला द्यावा. त्याच्याबरोबर आमच्या आजोबांच्या स्टेशनचे भिंतीवरचे घड्याळही द्यावे, जे कायम मागे पडते. सुरेशला ते शोभेल. त्याच स्टेशनावरची पितळी घंटा त्याने मला न विचारता एका हॉटेलवाल्याला शोभेसाठी देऊन टाकली. मी फोनवर भांडलो तेव्हा म्हणाला, "दादा, एवढीशी आगगाडी, तिला कसला आलाय इतिहास?" तो इतिहास पुढच्या कलमात थोडक्यात देतो, निदान मृत्युपत्र म्हणून तरी सुरेश वाचेल.

कलम ४. वाघेरी संस्थान रेल्वेविषयी मी जमवलेले नकाशे, फोटो आणि अर्धवट राहिलेले लिखाण वाघेरीच्या हायस्कुलाला द्यावे. ही छोट्या रुळांची लाईन वाघेरीच्या महाराजांनी दुष्काळात बांधायला काढली, लोकांना काम मिळावे म्हणून. इंग्रज एजंटसाहेबाचा आग्रह होता की लाईन रेल्वे कंपनीच्या हवाली करा. महाराजांनी त्याला उत्तर पाठवले की गाडी आमची, रूळ आमचे आणि उशीरही आमचाच. गाडी खरोखरच उशिरा धावे. तरी ती होती तोवर वाघेरीचा गूळ थेट धोंडेवाडी जंक्शनला पोचत होता आणि बाळंतिणींना बैलगाडीचे धक्के खावे लागत नव्हते.

दुसऱ्या महायुद्धात सरकारला लोखंड हवे झाले. वाघेरीकडून रूळ उखडत आणले आणि ज्या गाडीचे ते रूळ, तिच्यावरच ते लादून जंक्शनला नेले. तिथून ते ब्रह्मदेशाच्या आघाडीकडे गेले, असे आजोबा ऐकून होते. म्हणजे जपान्यांशी लढायला. नातू पुढे जपान्यांच्याच देशात आयुष्य काढणार आहे, हे कळले असते तर ते पोट धरून हसले असते. आता लाईनीच्या बांधावरून एसटी जाते.

कलम ५. माझ्या अस्थी कुठे न्याव्यात याचा निर्णय जुईने घ्यावा. स्नेहलताच्या नाशिकला नेल्या. मला प्रवास झेपेल असे वाटत नाही. जवळच्या नदीत सोडायला परवानगी मिळत नाही, चौकशी करून झाली आहे.

कलम ६. माझे मित्र यतीन कर्वे या कागदावर साक्षीदार म्हणून सही करणार आहेत. साक्षीदाराला काही ठेवू नये म्हणतात, म्हणून त्यांना काहीही ठेवलेले नाही. त्यांनी रुसू नये. त्यांच्या आवडीची चहापूड मी आजच त्यांच्या पिशवीत टाकली आहे.

कलम ७. ~~दिवाणखान्याच्या भिंतीवरचा लाकडी दांडा जुईला मिळावा.~~

हे कलम मी स्वतः खोडले आहे आणि खोडल्या जागी सही केली आहे. कारण लिहिणे भाग आहे.

वाघेरी लाईन एकेरी होती. समोरासमोर टक्कर होऊ नये म्हणून एकच दांडा ठेवलेला असे, हातभर लांबीचा, वर पितळी पट्टी आणि पट्टीवर दोन्ही टोकांची नावे. तो हातात असल्याशिवाय ड्रायव्हरने गाडी हलवायची नाही. धोंडेवाडीचे स्टेशनमास्तर म्हणजे माझे आजोबा. दांडा हातातून हातात द्यायचा, हा त्यांचा दंडक. देणाऱ्याने आधी पुढच्या स्टेशनाचे नाव घ्यायचे, घेणाऱ्याने तेच नाव मोठ्याने म्हणायचे, मग देणाऱ्याने हात सोडायचा. एकदा दिवाणसाहेब गाडीत बसलेले असताना ड्रायव्हरने घाईने टेबलावरचा दांडा उचलला. आजोबांनी त्याला खाली उतरवले.

"ठेव तो परत. माझ्या हातून घे."

दिवाणसाहेबांनी खिडकीतून डोके काढले. "मास्तर, आम्हाला उशीर होतोय."

"होऊ द्या साहेब. समोरून गाडी आली तर कायमचा होईल."

रूळ लादलेली शेवटची गाडी जंक्शनला आली तेव्हा ड्रायव्हरने दांडा आजोबांच्या हाती दिला. पुढे द्यायला कोणी उरले नाही. संस्थान विलीन झाले, कचेरीतून कोणी मागितला नाही, आणि टेबलावर ठेवून घरी जाणे आजोबांना जमेना. शेवटी त्यांनी तो माझ्या वडिलांना दिला, रीतीप्रमाणे. मी बँकेच्या बदलीवर जपानला निघालो तेव्हा वडिलांनी तो मला विमानतळावर दिला. "वाघेरी," ते म्हणाले. "वाघेरी," मी म्हणालो. पहाऱ्यावरचा पोलीस बघतच राहिला. वडिलांना मी जिवंत पाहिले ते तेव्हा शेवटचे.

जुई लहान असताना आम्ही तिला याच जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या लाईनीवर नेले होते. तिथे अजूनही स्टेशनमास्तर ड्रायव्हरच्या हातात अशीच खूण देतो, आणि ड्रायव्हर बोट रोखून ओरडतो, "योशी!", म्हणजे सगळे ठीक. जुई घरी आली ती भिंतीकडेच धावली. मग रोज ऑफिसला निघताना मी दांडा पुढे करून "वाघेरी" म्हणायचे, तिने बोट रोखून "वाघेरी, योशी!" म्हणायचे, आणि तेव्हा कुठे माझी सुटका. संध्याकाळी दांडा परत माझ्याकडे. स्नेहलता म्हणायची, "बापलेकीच्या गाडीपायी खरी गाडी चुकेल एखाद दिवशी."

स्नेहलताच्या वर्षश्राद्धानंतर जुई इथे आलेली नाही. भांडण काही नाही. काम असते. रविवारी फोन येतो, अर्धा जपानीत. मागच्या रविवारी मी विचारले, "दांडा न्यायला कधी येतेस?"

"बाबा, तुम्ही ताकुहाइने पाठवून द्या ना. उद्या सकाळी मिळेल. हवी ती वेळसुद्धा देता येते."

"तो पाठवायचा नसतो, जुई."

"दाइजोबु, बाबा. नीट गुंडाळून द्या, काही होत नाही त्याला."

दाइजोबु म्हणजे काळजी नको. ती प्रेमानेच बोलली. या देशात ताकुहाइ, म्हणजे कुरिअर, कधी चुकत नाही, हेही खरे. पण फोन ठेवल्यावर मला फार एकटे वाटले, आणि ते मी लपवत नाही.

त्याच तिरीमिरीत मी हे कलम लिहिले. लिहून झाल्यावर लक्षात आले की मृत्युपत्राने देणे म्हणजे टेबलावर ठेवून जाणेच. मेलेल्या माणसाला हात सोडता येत नाही. म्हणून दांडा या मृत्युपत्रात नाही. माझ्यानंतर तो या घरातच सापडला, तर गाडी सुटली नाही असे समजावे. मग सुरेशने तो खुशाल हॉटेलवाल्याला द्यावा.

या मृत्युपत्राची एक प्रत मी आजच जुईला ताकुहाइने पाठवत आहे. कागद पाठवायला हरकत नसते. जुई, सेंदाईहून शिनकानसेनची वेगवान गाडी आहे, आणि मी कुठेही जात नाही. देणाऱ्याने आधी नाव घ्यायचे असते, तेवढे मी घेऊन ठेवतो.

वाघेरी.

लिहून देणार: सत्यजित माधव निमकर (सही)

आमच्यासमोर लिहिणाराने सही केली. कलम ७ त्यांनी स्वतःच्या हाताने खोडले, ते आम्ही पाहिले.

साक्षीदार:
१. यतीन कर्वे (सही)
२. अनघा कर्वे (सही)

स्थळ: इचिकावा
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५