न्हाव्याच्या दुकानात प्लुटो

ताई,

तुझ्या पायांवर डोकं. (कंबर वाकत नाही, म्हणून कागदावरच वाकले असं समज.) तुझे गुडघे काय म्हणतात? माझे आहेत तिथेच आहेत, मीच त्यांना विचारून हलते. पण मी फार मजेत आहे. शुद्धलेखन बघू नकोस, मी शाळेत गेले त्यापेक्षा शाळेवरून जास्त गेले.

तर आपली नात (माझी गं, पण लाडापुरती तुझी) तारांगणात लागलीय, नोकरी मात्र अजून कच्ची. तिथल्या साहेबांनी तिला काम दिलं, की सूर्य तारांगणाच्या दारात टांगायचा आणि बाकीची ग्रहमंडळी रस्त्याने, खऱ्या हिशोबाच्या अंतरावर, दुकानादुकानांत. सगळे जागेवर लागले तर नोकरी पक्की. कापडी गोळे शिवायचं माझ्याकडे आलं. पोरीने मापं दिली होती, पण प्लुटोची हकिगत ऐकली आणि माझा हात सैल सुटला. इतकी वर्षं नऊ ग्रहांत बसलेला, आणि एक दिवस मोठ्या लोकांनी सभा भरवून सांगितलं, तू लहान, तू ऊठ. आता त्याला बटुग्रह म्हणतात. लेकराला असं उठवतात का? मी त्याच्यात दोन उशांचा कापूस भरला. मग गुरूला पुरेना. तो खरा सगळ्यांत थोरला, पण झाला लिंबाएवढा. नात कपाळाला हात लावून बसली.

प्लुटोची जागा आली न्हाव्याच्या दुकानात. न्हावी आधी नको नको म्हणत होता, मग एकदम हो म्हणाला (मला वाटलं माझ्या गोड बोलण्याने). साहेब बघायला गेले तर प्लुटो खुर्चीच्या पाठीला बांधलेला, त्यावर गिऱ्हाइकाची मान, आणि अर्ध्या प्लुटोवर दाढीचा फेस. पोरीचा चेहरा पडला. साहेबांनी फेसाला बोट लावून पाहिलं. मग म्हणाले, खऱ्या प्लुटोवरही पांढरा बर्फ आहेच, आणि स्वतःच दाढीला बसले.

त्याच्या पुढे औषधवाल्या बाईंकडे हौमिया, तीही बटुग्रहच. ती मी छान गोल शिवली होती, पण नेताना गटारात पडली. धुऊन पिळली तर अंड्यासारखी लांबट झाली. मी रडकुंडीला आले, आणि पोरीने मला मिठीच मारली. म्हणे ती खरीच तशी आहे, गरगर फिरून लांबट झालेली. (घरात गरगर फिरून आपण उलट्या आडव्या झालो, ते असो.)

आता राहिली एकटी सेडना. ती सूर्यापासून इतकी लांब जाते की त्याच्याभोवती एका फेरीला अकरा हजार वर्षं. (म्हणजे आमच्याकडे यायला तुझ्याहून उशीर लावणारी कुणी तरी आहे.) हिशोब केला तर तिचं लांबचं टोक गावाबाहेर, पुलापलीकडे, थेट तुझ्या दारात येतं. ती लागल्याशिवाय काम पुरं धरणार नाही, असं साहेबांनी बजावलंय. दाराला एक खिळा ठोकून ठेव, पोरीचं भलं होईल.

तुझी धाकटी

ता. क. मागच्या खेपेला इथे राहिलेली तुझी लाल शाल आता शोधू नकोस. सेडना लालच असते.

आणखी ता. क. नात म्हणते, सेडना हल्ली जवळ आलीय, आमच्याच रस्त्याच्या टोकाला टांगली तरी हिशोब बरोबर. साहेबांनाही चालणार होतं. मीच म्हटलं, नको, लांबच बरी. तिला सोडायला साहेबांची गाडी येईल, आणि वाटेत उसवली तर शिवणारी कुणी तरी सोबत नको का? आठ दिवस राहीन म्हणते. खाट खिडकीशी टाक.