कोणता नको

रविवार, ११ ऑक्टोबर २०२०

तीर्थस्वरूप मावशींना,
साष्टांग नमस्कार.

मी इथे खुशाल आहे. तुमच्या पायाची काळजी वाटते. इथलं टपाल अजून बंदच आहे, म्हणून हाताने लिहून पानांचे फोटो पाठवते आहे. शेजारच्या काकू दवाखान्यात डबा घेऊन येतील तेव्हा त्यांना अक्षर मोठं करून दाखवायला सांगा. काचेवर दोन बोटं ठेवून फाकवली की होतं. फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर आपल्या दोघींचं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. बरी आहेस ना, बरी आहे, जेवलीस का, जेवले, ठेवते. ते शेवटचं ‘ठेवते’ तर आपण दोघी एकदमच म्हणतो.

मायना अण्णांनी शिकवला तसाच घातला आहे. छापखान्यात दिवसभर मुद्रितं तपासून त्यांचं पोट भरायचं नाही. मी वसतिगृहातून पाठवलेली पत्रंही तपासायचे आणि लाल खुणा करून मला परत धाडायचे. सगळ्यात खाली तुमची एक ओळ असायची. थंडी पडली आहे, स्वेटर वापर. त्या ओळीवर मात्र लाल खूण नसायची.

इथलं म्हणाल तर सगळं ठीक चाललं आहे. लॅबमध्ये आता एका खोलीत एकच माणूस असा नियम आहे. पूर्वी आम्ही चौघी एका टेबलाभोवती बसून कवळ्या घासायचो, एकमेकींच्या घरच्या भानगडी ऐकायचो. मला इथली भाषा जिने शिकवली, शिव्यांपासून सुरुवात करून, ती उन्हाळ्यातच तिच्या गावी निघून गेली. आता माझ्यासमोर ट्रेमध्ये कवळ्या ओळीने मांडलेल्या असतात. अख्ख्या शहराने तोंडं झाकून घेतली आहेत आणि मी दिवसभर दात बघत बसते. माझी करमणूक म्हणायची ती एवढीच.

बसमध्ये एक सोडून एक आसनावर चिकटपट्टीची फुली मारली आहे. केस मी स्वतःच कापले. मागची बाजू कशी झाली आहे ते मला दिसत नाही, आणि सांगणारं कोणी नाही, म्हणजे चांगलीच झाली असणार. किराणा दुकानाच्या दारातला रखवालदार कपाळावर यंत्र रोखतो, आकडा बघतो, मान हलवतो. परवा घरी आल्यावर लक्षात आलं, त्या दिवसात माझ्याकडे निरखून बघितलेला तो एकच माणूस. बघितलं ते कपाळाकडे, पण बघितलं.

आता परवानगीचं. ते काम चालू आहे. तुम्हाला काकूंनी सांगितलंच असेल, सध्या इथून बाहेर गेलं की परत येऊ देत नाहीत. आई, वडील, नवरा किंवा मूल गंभीर आजारी असेल तरच जाऊन यायचा परवाना मिळतो. माझे नवरा आणि मूल हे दोन्ही रकाने कोरेच. खिडकीतल्या बाईंनी माझा जन्मदाखला बघितला, तुमचं नाव बघितलं, आणि दोन नावं वेगळी कशी म्हणून विचारलं. मी सांगितलं, आई मी लहान असतानाच गेली, मग वडिलांनी यांना घरी आणलं, मी यांना मावशी म्हणते. त्यांनी विचारलं, यांनी तुम्हाला वाढवलं का? वाढवलं असेल तर नियमात बसतं. मी हो म्हटलं. विचार करावा लागला नाही, याचं मलाच नवल वाटलं.

वर ‘काम चालू आहे’ लिहिलं ते खरं नाही. खोडून अण्णांसारखी लाल खूण करावी असं वाटतं. अर्ज नामंजूर झाला आहे.

सोमवारी तुम्हाला व्हिडिओवर फोन आला होता तो त्यासाठीच. ते चष्मेवाले साहेब म्हणजे अधिकारी, आणि मराठीत बोलणारी मुलगी म्हणजे सरकारने लावून दिलेली दुभाषी. एका चौकोनात मीही होते, पण सुरुवातीचं ‘बऱ्या आहात ना’ सोडलं तर मला मध्ये बोलायची मनाई होती. त्यांनी तुम्हाला विचारलं, तुमची मुलगी यावी असं तुम्हाला वाटतं का. आणि तुम्ही म्हणालात, “नको, नको. तिला तिची कामं आहेत. इथे शेजारी आहेत, दवाखाना आहे. तिने उगाच कशाला त्रास घ्यायचा?”

 दुभाषीने तुमचं वाक्य जसंच्या तसं साहेबांना सांगितलं. तिचं कामच ते. साहेबांनी लिहून घेतलं, रुग्णाला गरज नाही. त्यांच्या भाषेत नको म्हणजे नकोच.

तेव्हापासून मी एकच विचार करते आहे, मावशी. ताटावर हात आडवा धरून माणूस म्हणतो तो हा नको, की खरा नको? आपल्या घरात मला हे कधी ओळखता आलं नाही. तुम्ही वाढताना मी एकदा नको म्हटलं की तुम्ही वाढायचं थांबत होतात, आणि मला वाटायचं, सख्खी असती तर आग्रह केला असता. आता उलटं झालं आहे.

मी फेरअर्ज केला आहे. गुरुवारी पुन्हा फोन येईल. त्यानंतर संधी नाही. अण्णा नाहीत, तुम्हाला दुसरं कोणी नाही. ऑपरेशनच्या वेळी तुमच्याजवळ असणं माझं कर्तव्य आहे. उद्या लोकही नावं ठेवतील की एवढी शिकवली आणि वेळेला आली नाही. तेव्हा संकोच करू नका. गुरुवारी फक्त हो म्हणा.

आपली नम्र

•

शुक्रवार, १६ ऑक्टोबर २०२०

तीर्थस्वरूप मावशींना,
नमस्कार.

परवानगी मिळाली. आधी हे लिहून टाकते. कागद हातात पडायला आणि विमानात जागा मिळायला किती दिवस जातील ते कोणीच सांगत नाही. तुमचं ऑपरेशन माझ्यासाठी थांबवू नका. डॉक्टर म्हणतील तेव्हा करून घ्या.

काल तुम्हाला फक्त तुमचं बोलणं कळलं. पलीकडे काय झालं ते तुम्हाला माहीत नाही, म्हणून सांगते.

साहेबांनी तोच प्रश्न विचारला. तुम्ही उशी नीट करून घेतलीत, चष्मा लावलात आणि त्यांच्याशी नाही, माझ्या चौकोनाकडे बघून बोलू लागलात. मला ते पाठ झालं आहे. “पत्र वाचलं तिचं. कर्तव्य म्हणून येत असेल तर नको. त्याला इथे पगारी बाई मिळते. हे गेले तेव्हा आली होती, तर स्वतःच्या घरात मला विचारायची, मावशी पंखा लावू का, मावशी साखर घेऊ का. तशीच यायची असेल तर खरंच नको. तिला स्वतःला यायचं असेल तर यावं की. मी काय दाराला कडी घालून बसले आहे?”

एवढं सगळं तुम्ही एका दमात बोललात. एवढं सलग बोललेलं मी तुम्हाला कधी ऐकलं नव्हतं.  गेला अर्ज, असं वाटलं.

दुभाषीने पाण्याचा घोट घेतला आणि साहेबांना म्हणाली, “त्या हो म्हणतात.”

साहेबांनी मान वर केली. एवढं बोलल्या आणि अर्थ एवढाच? ती म्हणाली, बाकीचं घरगुती आहे. साहेबांनी खांदे उडवले आणि शिक्का मारला. म्हणजे शिक्का दिसला नाही, पण टेबल हललेलं दिसलं.

तुमचा फोन आधीच बंद झाला होता, ते निघून गेल्यावर पडद्यावर आम्ही दोघीच होतो. तिने माझ्याशी बोलणं नियमात बसत नाही. तरी म्हणाली, “ताई, गेल्या वेळचा नको मी तसाच पोचवला, आणि त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. पहिला नको कोणी धरतं का? माझ्या आईचा तर मी तिसराही धरत नाही.” मग हळूच म्हणाली, “तुम्ही त्यांना अहोजाहो करता, ते मी सांगितलं नाही. यांच्या भाषेत ते सांगताही येत नाही.”

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. मला यायचं आहे का.

मे महिन्यात मला ताप आला होता. तुम्हाला कळवलं नाही. कोणालाच कळवलं नाही, कारण कळवायला कोण होतं. चाचणीला बोलावलं, मग खोलीतून बाहेर पडू नका म्हणाले. पाणी घ्यायला उठले तर भिंत धरून चालावं लागलं, आणि तोंडातून ‘आई गं’ निघालं. ते कोणाच्याही तोंडून निघतं, त्यात काही विशेष नाही. पण निघालं तेव्हा डोळ्यांसमोर तुम्ही आलात. कपाळावर ओलं फडकं ठेवताना ते आधी स्वतःच्या मनगटावर लावून बघायचात, तशा. माझ्या आईचा चेहरा मला आता फोटोतला तेवढाच आठवतो. फोटोतल्या माणसाला हात नसतात.

त्या दिवशी मी तुम्हाला फोन केला होता. आठवत नसेल, नेहमीसारखाच होता. जेवलीस का, विचारलंत. जेवले म्हटलं. मी दोन दिवस जेवले नव्हते. तुम्ही एकदा तरी खोदून विचाराल म्हणून वाट बघत राहिले, आणि मग आपण दोघींनी ठेवते म्हटलं.

हल्ली लॅबमध्ये मी कवळ्यांशी मराठीत बोलते. एखादी नीट बसली नाही की म्हणते, काय गं बाई, तुझं काय बिनसलं. बोलायची सवय मोडू नये म्हणून. दार बंद असतं, कोणी ऐकत नाही. हे कर्तव्यात बसत नाही, म्हणून आधीच्या पत्रात लिहिलं नव्हतं.

तुमच्या पायासाठी नाही, मी माझ्यासाठी येते आहे.

तुमची

•

रविवार, ८ नोव्हेंबर २०२०

तीर्थरूप मावशी,

वर ‘स्व’ गाळला आहे तो घाईत नाही. आईवडिलांना तीर्थरूप आणि बाकीच्या वडीलधाऱ्यांना तीर्थस्वरूप, हे अण्णांनी मला घोकून घेतलं होतं. तीर्थरूपच्या पुढे मावशी घातलेली बघून त्यांनी लाल पेन उचललं असतं. मग तुझ्याकडे बघून पुन्हा खिशाला लावलं असतं, असं मला वाटतं. मावशी हा शब्द मात्र बदलत नाही. इतकी वर्षं तू त्याला ओ देत आली आहेस, तो आता तुझाच आहे.

आणि हो, अहोजाहोही सोडलं. लिहिताना हात अडखळतो आहे. समोर आल्यावर जीभही अडखळेल, हसू नकोस.

तिकीट दोनदा रद्द झालं, चाचणीचा कागद एकदा शिळा झाला म्हणून पुन्हा नाकात काडी घालून घेतली. आणि आता तुझ्याच गावात, बसने अर्ध्या तासावर, या विलगीकरणाच्या खोलीत बसून आहे. तुझं ऑपरेशन होऊन गेलं, टाके निघाले, वॉकर घेऊन तू स्वयंपाकघरापर्यंत जातेस आणि काकूंना कामात चुका दाखवतेस, हे सगळं मला काकूंनी फोनवर सांगितलं. म्हणजे साहेबांनी कागदावर लिहिलेली गरज आता संपली. आधी वाईट वाटलं, मग बरं वाटलं. आता येण्याला काही कारण उरलं नाही आणि तरी मी येते आहे.

खोलीची खिडकी उघडत नाही. समोरच्या गच्चीवर कोणीतरी रोज एक हिरवी चादर वाळत घालतं आणि संध्याकाळी न्यायला विसरतं. जेवण दाराबाहेर ठेवून दार वाजवतात. उघडेपर्यंत वाजवणारा लांब गेलेला असतो, प्लॅस्टिकच्या पोशाखाची पाठ तेवढी दिसते. पण काल दुपारी बाहेर सफाईच्या दोन बायकांचं भांडण जुंपलं. एकीचा झाडू दुसरीने नेला होता. तुझ्या काय माहेरून आणलाय का झाडू, असं चाललं होतं. मी दाराला कान लावून उभी राहिले. दाराच्या फटीतून एवढं मराठी कितीतरी महिन्यांनी आलं होतं. भांडण मिटलं तेव्हा मला हळहळ वाटली.

आज सकाळी तुझ्या पत्राचा फोटो आला. कागदावर एकच ओळ. थंडी पडली आहे, स्वेटर आणला आहेस का. काकू सांगत होत्या, आधी तू मोठं पत्र लिहायला घेतलं होतंस आणि मग फाडून टाकलंस. राहू दे. त्या ओळीत काय काय असतं ते मला उशिरा कळलं, पण कळलं.

स्वेटर आणलेला नाही. तिथे आहे तो जुना काढून ठेव.

उद्या सकाळी सोडणार आहेत. दारात उभी राहून तू म्हणशील, कशाला एवढ्या लांब आलीस, मी नको म्हटलं होतं ना. म्हण. पहिला नको मी धरणार नाही, दुसराही नाही. चपला काढीन, आणि थंडी असली तरी आल्या आल्या पंखा लावीन, कोणाला न विचारता. तू आतून ओरड, बंद कर तो म्हणून.

तुझी